पणजी डाउनटाऊन, बेतीच्या फेरीने उतरून चालत: नवीन रस्त्यांचा रिव्ह्यू

रेटिंग आधी देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. बेती-पणजी फेरीबोट पाचपैकी पाच, स्मार्ट सिटीच्या कामात झालेले काँक्रीटचे नवीन रस्ते साडेतीन, फुटपाथ अडीच, रस्ता ओलांडायची सोय दोन, आणि हे सगळं धरूनही चालत फिरायला पणजी डाउनटाऊन चार. फुटपाथला अडीच देऊन एकूण चार कसे दिले असं कोणी विचारेल, तर तेच सांगायला हा रिव्ह्यू लिहितेय.

मी राहते नदीच्या पलीकडे बेतीच्या बाजूला आणि ऑफिस पणजीत, त्यामुळे रोजचं येणं-जाणं फेरीने आणि पुढे पायी. सिंधुदुर्गातून, कोल्हापूर-बेळगावातून आमचे नातेवाईक येतात ते सगळे गाडी घेऊन थेट १८ जून रोड या खरेदीच्या मुख्य रस्त्याला घुसतात, मग पार्किंग शोधत तीनदा त्याच वन-वेतून फिरतात आणि शेवटी वैतागून मिरामारच्या किनाऱ्यावर निघून जातात आणि वर सांगतात की पणजीत बघण्यासारखं काही नाही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. हे शहर गाडीतून दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत जेमतेम ४० हजार वस्ती असलेलं गाव, राज्याची राजधानी, नदीवरचं बंदर, आणि सगळं मधलं शहर अर्ध्या-पाऊण तासात आडवं-उभं चालून होतं, असं अख्ख्या कोकणपट्टीत दुसरं कुठे आहे सांगा.

फेरीपासून सुरुवात करते. नदी परिवहन खात्याची बोट, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, दुचाकीलाही नाही, चारचाकीला पैसे लागतात. वेळापत्रक बघत बसावं लागत नाही, एक बोट सुटली की थोड्या वेळात दुसरी लागते, मांडवी ओलांडायला पाच-सात मिनिटं पुरतात. पुढचा लोखंडी रॅम्प धक्क्यावर टेकला की आधी दुचाक्या सुसाट सुटतात, त्यामुळे चालणाऱ्यांनी कडेला थांबायचं आणि त्या गेल्या की मग उतरायचं, नवीन माणूस नेमका मधे येतो आणि मग ओरडा खातो. ओहोटी असेल तर धक्क्याचा उतार जास्त तिरका होतो आणि पाण्याजवळचा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो, चप्पल नीट घाला, लहान मुलांचा हात धरा. बोटीवरची माणसं मदत करतात, म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून उतरवताना मी कितीतरी वेळा बघितलंय. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला होता तेव्हा याच फेरीबोटींनी पणजी आणि नदीपलीकडचा बार्देश तालुका जोडून ठेवलं होतं, जुनी माणसं अजून त्या रांगांच्या गोष्टी सांगतात. आणि आता नदीपलीकडे पर्वरीत हायवेवर उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून पुन्हा कळायला लागलंय की फेरी ही काय चीज आहे. वर तीन पूल आहेत, २०१९ पासून अटल सेतूही आहे, तरी सकाळी ऑफिसच्या वेळेला फेरीने येणारा माणूस आधी पोचतो.

पण पणजीला उतरलात की पहिली अडचण समोरच उभी असते, ती म्हणजे दयानंद बांदोडकर मार्ग. नदी आणि शहर यांच्या मधून जाणारा हा रस्ता गाड्यांसाठी एकदम सुरेख आहे, पण ओलांडायचा म्हटलं की जीव मुठीत. झेब्रा पट्टे असतात, पण पट्ट्यावर गाडी थांबवायची सवय नाही, त्यामुळे चार-पाच जण जमेपर्यंत थांबायचं आणि मग घोळक्याने निघायचं. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तेव्हा या काठाचा कायापालट झाला, कांपालपर्यंत नदीकाठ सुधारला, जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत सावरली, त्याबद्दल त्या वेळच्या लोकांना पूर्ण मार्क. पण काठावर चालायला जागा केली आणि काठापर्यंत चालत यायची सोय अर्धीच ठेवली असं मला रोज वाटतं. संध्याकाळी तर कॅसिनोच्या बोटींकडे जाणाऱ्या गाड्या आणि पर्यटक यांची गर्दी असते, त्या वेळी म्हातारं माणूस सोबत असेल तर सिग्नल असलेल्या ठिकाणापर्यंत जरा लांबून चालत जा पण तिथूनच ओलांडा.

रस्ता ओलांडला की मात्र शहर आपलंसं होतं. सरळ रस्ते, काटकोनात कापणाऱ्या गल्ल्या, कुठूनही वाकून बघितलं तर एका टोकाला नदी नाहीतर दुसऱ्या टोकाला आल्तिनोची टेकडी, त्यामुळे मॅप न बघता माणूस हरवत नाही. ही आखणी जुनी आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू हा गव्हर्नर असताना दलदलीत भराव घालून सरळ रस्ते काढले गेले आणि पुढे १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. म्हणजे मोटार नावाची गोष्ट जन्माला यायच्या आधी, माणसाच्या पावलांच्या आणि घोडागाडीच्या हिशोबाने हे शहर बेतलं गेलं. एकूण चार मार्क आहेत ते या आखणीला. फेरीपासून चर्च स्क्वेअर दहा मिनिटं, मार्केट तेवढंच, कदंब (गोव्याची सरकारी एसटी) बसस्टँड पाट्टोचा पूल धरून वीसेक मिनिटं. कुठलंही शहर नव्याने असं बांधायला आज किती कोटी लागतील, इथे ते आयतं मिळालंय.

आणि त्याच भरावामुळे पाणी तुंबतं, हेही समजून घ्यायला पाहिजे. शहराचा सखल भाग भरतीच्या पातळीच्या आसपास आहे. एकीकडे सांतिनेजचा नाला, दुसरीकडे रुआ द ओरेमची खाडी, दोन्ही मांडवीला मिळतात. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की गटारातलं पाणी नदीत जायचं सोडून उलट वर येतं. त्यामुळे १८ जून रोडला नाहीतर मळा नावाच्या भागात पाणी साचलं की लगेच कोणीतरी 'स्मार्ट सिटी बघा' म्हणून फोटो टाकतो, तो राग बरोबरच आहे, कारण एवढं खणूनही पाणी साचलंच, पण नुसता रस्ता उंच करून हा प्रश्न सुटत नाही, उलट रस्ता उंच झाला की पाणी दुकानात शिरतं. नाल्यांची तोंडं, भरतीला बंद होणारी झडपं, पंप आणि नाल्यातला गाळ काढणं हे दरवर्षी मे महिन्याच्या आत झालं तरच जमिनीखालच्या कामांवरचा खर्च सार्थकी लागतो. नवीन पाइप टाकले म्हणून गाळ काढायचं थांबलं तर काही उपयोग नाही.

कामांबद्दल. पणजीची स्मार्ट सिटी मिशनमध्ये निवड झाली २०१६ मध्ये, आणि खरं खोदकाम अंगावर आलं ते बऱ्याच वर्षांनी, आणि आलं ते सगळं एकदम. सांडपाण्याच्या लाइनी, केबल, पावसाळी गटारं, वर काँक्रीट. २०२३-२४ चा तो काळ ज्यांनी पणजीत काढला त्यांना वेगळं सांगायला नको. एक गल्ली उघडी असताना शेजारची पण उघडायची, दुकानदार दिवसातून कितीदा पाणी मारायचे, तरी काउंटरवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. खड्ड्यात पडून एका तरुण मुलाचा जीवही गेला, ते कुठल्याही रस्त्याच्या कौतुकात विसरता येणार नाही. धुळीचा विषय शेवटी मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापुढे गेला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती स्वतः रस्त्यावर उतरून पाहणी करून गेले. मी स्वतः त्या दिवसांत मास्क लावूनच चालायचे, आणि ऑफिसजवळच्या गल्लीत एका ठेकेदाराने रात्री बॅरिकेड न लावता चर उघडा ठेवला होता, विचारायला गेलं तर हे काम आमच्याकडे नाही एवढंच उत्तर. कोणाकडे आहे ते कोणी सांगेना. प्रत्येक कामाच्या जागी एक बोर्ड, त्यावर काम कसलं, कधी संपणार आणि फोन कोणाला करायचा, एवढं जरी असतं तरी लोकांनी निम्मा त्रास गोड मानून घेतला असता.

आता जे झालंय ते कसं आहे? काँक्रीटचा रस्ता चांगला आहे, हे मी मनापासून सांगते. गल्ल्यांमधे पूर्वी डांबराचे थरावर थर चढून दरवाज्याच्या पायरीएवढी उंची झाली होती आणि पहिल्या पावसात खडी वर यायची, ते गेलं. चालताना पाय मुरगळत नाही, सायकल आणि मुलांची ढकलगाडी नीट जाते. साडेतीनच दिले कारण एक म्हणजे दुपारी हे काँक्रीट भयंकर तापतं, आणि दुसरं म्हणजे चेंबरची झाकणं. काही ठिकाणी झाकण रस्त्याच्या बरोबरीत आहे, काही ठिकाणी बोटभर खाली, दुचाकीवाला ते चुकवायला कडेला वळतो आणि कडेला नेमका चालणारा माणूस असतो. छोटी गोष्ट वाटते पण रोज चालणाऱ्याला प्रत्येक झाकण पाठ होतं.

फुटपाथवर जरा जास्त लिहिते. आई आली होती तेव्हा तिला १८ जून रोडला खरेदीला घेऊन गेले, तिचा गुडघा दुखतो, हातात काठी असते. पणजीच्या या रस्त्याची खासियत अशी की बऱ्याच इमारतींना खाली कमानीची ओसरी आहे, दुकानं आत आणि त्यांच्यासमोरून झाकलेली वाट, ऊन नाही, पाऊस नाही. कल्पना एवढी सुंदर आहे की आजच्या कुठल्याही नवीन इमारतीला सक्तीची करावी. पण प्रत्येक इमारतीची ओसरी वेगळ्या उंचीवर. एक संपली की दोन पायऱ्या खाली, मग फुटपाथचा तुकडा, मग गाडी आत घ्यायचा उतार, मग परत तीन पायऱ्या वर, आणि त्या पायऱ्यांना कठडा नाही. पायरीची कड गुळगुळीत टाइलची, पावसाचं पाणी आत आलं की काठी सरकते. आईने चौथ्या इमारतीला सांगितलं की मी रस्त्यावरूनच चालते, आणि ती खरंच रस्त्याच्या कडेने, उभ्या गाड्यांच्या बाहेरून चालायला लागली. मागून हॉर्न. चांगली झाकलेली वाट असून सत्तरीच्या बाईला रस्त्यावर उतरावं लागतं, हे ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी मी फुटपाथचे अडीचचे साडेचार करीन.

आणि हे करायला काही मोठं राजकारण लागत नाही. दोन ओसऱ्यांच्या मधे उतार, बाजूला स्टीलचा दांडा, खरबरीत फरशी. काही ठिकाणी नवीन फुटपाथला उतार केलेत, अंधांसाठी उठावदार पट्ट्या टाकल्यात, पण पट्टी चालत चालत जाऊन थेट खांबाला नाहीतर उभ्या स्कूटरला भिडते. २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट भरतो, दिव्यांगांसाठीचा एवढा मोठा उत्सव, देशभरातून माणसं व्हीलचेअरवर येतात, मला त्याचा फार अभिमान वाटतो. त्या पाहुण्यांना उत्सवाच्या मंडपातून बाहेर पडून एकट्याने चर्च स्क्वेअरला जाऊन चहा पिता आला पाहिजे, कोणी न ढकलता. तेवढ्या एका वाटेने तरी सुरुवात करा.

पार्किंगवर लोक चिडतील पण लिहिते. १८ जून रोड आणि एमजी रोड दोन्ही वन-वे, दोन्हीच्या कडेला गाड्या, आणि गल्ल्यांमधे दुचाक्या अशा दाटीने लावलेल्या की दोन दुकानांच्या मधून फुटपाथवर चढायला फट सापडत नाही. माझं म्हणणं, १८ जून रोडची एका बाजूची चारचाकी रांग काढा आणि ती जागा चालणाऱ्यांना द्या. पाट्टोला मल्टिलेव्हल पार्किंग आहे, गाडी तिथे ठेवून पूल ओलांडून चालत या, नाहीतर बेतीला ठेवून फेरीने या. दुकानदार म्हणतात गाडी दारात नाही आली तर गिऱ्हाईक जाईल. त्यांची काळजी खोटी नाही, खोदकामाच्या काळात त्यांनी खरंच खूप सोसलंय, पण ते गिऱ्हाईक धूळ आणि खड्ड्यांमुळे गेलं होतं. एका गाडीच्या जागेत दिवसभर एकच गाडी उभी असते, आणि बऱ्याचदा ती तिथल्याच कुठल्यातरी ऑफिसवाल्याची असते, गिऱ्हाइकाची नाही, हे रोज बघणारा कोणीही सांगेल. माल उतरवायला सकाळची वेळ ठरवून द्या, दिव्यांगांच्या गाड्यांना आणि रिक्षांना जागा राखा, आणि डिसेंबरात आठ तारखेला चर्चच्या फेस्ताला स्टॉल लागतात तेव्हा किती माणसं चालत खरेदी करतात ते एकदा बघा.

सावली हा माझ्यासाठी सगळ्यात जवळचा विषय. गार्सिया द ओर्ता उद्यानात शिरलं की अंगावरचं ऊन उतरतं, दहा मिनिटं बाकावर बसा, समोर पांढरं चर्च आणि त्याच्या नागमोडी पायऱ्या, हे फुकटातलं सुख आहे. आझाद मैदान पण तसंच, तिथल्या मंडपात गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे, शाळकरी मुलांना नक्की दाखवा. पण या दोन जागांच्या मधल्या रस्त्यांवर झाडं विरळ होत चालली आहेत, आणि आहेत त्यांच्या बुंध्याला काँक्रीट अगदी चिकटवून ओतलेलं काही ठिकाणी दिसतं. बुंध्याभोवती हातभर तरी माती मोकळी पाहिजे, नाहीतर चार-पाच पावसाळ्यांत झाड कलतं आणि मग धोकादायक म्हणून तोडतात. सांतिनेजचा मोठा वड रस्त्यासाठी हलवला तेव्हा माणसं का हळहळली हे ज्याने एप्रिलच्या दुपारी त्या बाजूने चालून बघितलंय त्यालाच कळेल. नवीन रस्त्याच्या बजेटमध्ये लाइटच्या खांबाला पैसे असतात तसे झाडालाही हवेत, आणि लावून झाल्यावर तीन वर्षं पाणी घालायलाही.

फोंतेन्हास या जुन्या वस्तीबद्दल थोडंच, कारण त्यावर सगळेच लिहितात. रंगीत घरं, सां सेबास्तियांवचं १८१८ चं कपेल (छोटं चर्च), अरुंद गल्ल्या, सुंदर आहे यात वाद नाही. पण ती लोकांची राहती घरं आहेत. कोणाच्या पायरीवर चढून, दार अडवून फोटोशूट करू नका, काही घरांवर तसे बोर्ड लावावे लागलेत यावरून समजा. तिथे सकाळी आठच्या आधी जा, आवाज न करता फिरा. गाड्या तर तिथे राहणाऱ्यांच्या सोडून बाकी कोणाच्या आतच जाऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कदंबच्या इलेक्ट्रिक बसेस शहरात फिरतात, आवाज नाही, धूर नाही, पायरी खाली असल्यामुळे आईला चढताना त्रास झाला नाही, हा मोठा बदल आहे. जिथे बस नाही तिथे पिवळ्या-काळ्या दुचाकीचे पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारे, आहेत, पैसे बसायच्या आधी विचारून घ्या. बसायला बाक आणि स्वच्छ टॉयलेट मात्र अजून कमी आहेत, विशेषतः बायकांसाठी, मार्केट ते चर्च स्क्वेअर या पट्ट्यात तरी दोन चांगली, दिवसभर उघडी असणारी हवीत.

ज्यांना एका दिवसात करायचंय त्यांच्यासाठी. पावसाळा संपल्यावर या, सकाळी सातच्या सुमारास बेतीहून फेरी धरा, आधी मार्केट करा, गावातून आलेल्या बायका बाहेर भाजी घेऊन बसलेल्या असतात तेव्हाच, मे महिन्यात असाल तर मानकुराद आंबे तिथेच घ्या, भाव करायला लाजू नका. तिथून चालत चर्च स्क्वेअर, कॅफे भोसलेमध्ये भाजी-पाव, मग उद्यान, मग फोंतेन्हास. १८ जून रोडची खरेदी एकच्या आत उरका कारण दुपारी बरीच दुकानं बंद होतात आणि साडेतीनच्या पुढे उघडतात, रविवारी तर खरेदीसाठी येऊच नका. दुपारी आदिलशाही राजवाड्यासमोरच्या काठाने न चालता आतल्या गल्लीतून ओसऱ्या धरून चाला. आणि सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर १८ जून रोडची एकच बाजू पकडा, मधे मधे ओलांडू नका, परत येताना कदंबची बस घ्या.